अंधारं माजघर आणि तीन आरसे

अंबाजोगाईतल्या आमच्या वाड्याचं माजघर ३० एप्रिल २०२५ ला, अक्षय्य तृतीयेच्या दिवशी, पुन्हा राहतं झालं. त्याआधी बरीच वर्षं तिथे गोण्या, कणग्या आणि मोडकं सामान पडून होतं. भर दुपारीही बत्ती लावल्याशिवाय आत पाऊल टाकता येत नसे. भिंत पाडायची नाही, नवी खिडकी फोडायची नाही, छताला हात लावायचा नाही आणि तरी खोलीत उजेड आणायचा, असं मी ठरवलं होतं. ते काम आरशांनी केलं. मराठवाड्यात अशी माळवदाची, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छत असलेली, घरं अजून गावोगाव उभी आहेत आणि बहुतेकांचा शेवट एकसारखाच होतो: तुळया वखारीत घनफुटाने विकल्या जातात आणि जागेवर स्लॅब पडतो. घर ठेवायची इच्छा आहे पण कुठून हात घालावा ते सुचत नाही, अशा लोकांसाठी मी झालेलं सगळं क्रमाने लिहून ठेवते आहे.

आधी घर कसं आहे ते सांगते. दगडी जोतं, त्यावर पांढऱ्या मातीच्या दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती, सागाच्या तुळया, वर माळवद. मधे चौक, चौकाभोवती सोपा, सोप्याला सुरूदार खांब. माजघर सोप्याच्या मागे, उत्तरेच्या अंगाला. त्याची एकही भिंत बाहेर उघडत नाही. उजेडाला दोनच वाटा: सोप्याकडचं दक्षिणेचं दार आणि छताच्या मधोमध असलेलं सवणं, म्हणजे उजेडासाठी ठेवलेलं भोक. उन्हाळ्यात हीच खोली घरात सगळ्यात थंड असते, म्हणून तर ती सोडवत नव्हती.

कामाला हात घालण्याआधी कागद. दिवाळीनंतर, नोव्हेंबर २०२४ मध्ये, मी पहिल्यांदा मालमत्ता पत्रक काढलं. महाभूमीच्या संकेतस्थळावर डिजिटल सहीचं पत्रक किरकोळ शुल्कात मिळतं. त्यावर अजून आजेसासऱ्यांचं नाव, म्हणजे आज आम्ही, पुण्याचे भाऊजी आणि नांदेडचे चुलत सासरे असे तिघांचे हिस्से. कुणाचा विरोध नव्हता, पण तोंडी होकारावर पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. आम्ही साधं संमतीपत्र केलं: खोली कोणती, काम कोणतं, खर्च कोणाचा आणि या खर्चावरून हिश्श्यात फरक पडणार नाही, एवढीच चार कलमं. ऑक्टोबर २०२४ पासून शंभराचा मुद्रांक अशा कागदाला चालत नाही, ५०० रुपयांचा लागतो. नोटरीचे ३०० गेले. कागद नांदेडला गेला, तिथून पुण्याला, आणि सह्या होऊन परत यायला संक्रांत उजाडली. तो काळ मला जड गेला. रोज संध्याकाळी त्या बंद दारासमोरून जाताना वाटायचं, हे काही आपल्याच्याने होत नाही. पण सह्या झाल्यावर नांदेडच्या काकांनी फोन करून सांगितलं, "सूनबाई, तुमी करा, आमी बघायला येतोत." त्या एका वाक्याने कामाला बळ आलं.

परवानगीचं काय, हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारला. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ४३ मध्ये म्हटलं आहे की इमारतीच्या फक्त आतल्या भागापुरती किंवा बाहेरच्या रूपात मोठा फरक न पाडणारी दुरुस्ती असेल तर परवानगी लागत नाही. चुना, रंग, फरशी, गिलावा ही सगळी त्यातली कामं. तरीही मी नगरपरिषदेत एक पत्र दिलं, "आतील डागडुजी व चुनाकाम" असा विषय लिहून, सोबत घरपट्टी भरल्याची पावती जोडून. पत्राच्या दोन प्रती न्याव्यात आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्यावा. पुढे शेजारी-पाजारी कुणी विचारलं तर ती पोच दाखवता येते. भिंत पाडायची असेल, जिना किंवा मजला चढवायचा असेल, तर मात्र रीतसर परवानगीशिवाय पर्याय नाही.

जानेवारीच्या शेवटी सामान बाहेर काढलं, तेव्हा गोण्यांच्या मागे दोन आरसे सापडले. एक भिंतीवर टांगायचा, काळसर लाकडाच्या चौकटीचा, वर कमान आणि कमानीवर कोरलेली फुलं-पानं. दुसरा तीन पाखांचा, खाली कप्प्यांचं मेज असलेला, कडा गोलावलेल्या, वर नक्षीचा मागमूस नाही, हँडल पितळी आणि सरळ रेषांची. दोन्ही एकाच घरातले, पण दोन वेगळ्या काळांचे. कमानीचा तो व्हिक्टोरिया राणीच्या (१८३७–१९०१) काळातल्या चालीचा. निजामाच्या राज्यात अंबाजोगाईचं नाव मोमिनाबाद होतं आणि इथे घोडदळाची छावणी होती. छावणीतल्या साहेबाचं सामान विकलं गेलं तेव्हा तो घेतला, असं आमच्या घरात सांगतात. तीन पाखांचा आरसा त्या मानाने अलीकडचा, आर्ट डेको वळणाचा. १९२५ साली पॅरिसमध्ये सजावटीच्या कलांचं मोठं प्रदर्शन भरलं, त्यावरून या शैलीला पुढे हे नाव पडलं. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरच्या गोल कोपऱ्यांच्या, सरळ पट्ट्यांच्या इमारती त्याच वळणाच्या, २०१८ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशात घेतलं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे आमच्याकडच्या जुन्या घरांत मुंबईची हौस आणि हैदराबादची हौस अशा दोन्ही एका छताखाली दिसतात.

हे सगळं मी एवढ्यासाठी सांगते की वस्तूचा काळ ओळखला की तिला काय करायचं नाही ते कळतं. जुनं सागवान किंवा शिसव पांढऱ्या ऑइलपेंटने माखायची टूम सध्या जोरात आहे. माझ्या मते तो त्या लाकडावर अन्याय आहे. कोरीव चौकटीला मऊ ब्रश, कोरडं फडकं आणि शेवटी जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात, इतकं पुरतं. तेलाची फडकी मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. फडकी उघड्यावर पसरून वाळवायची, मगच कचऱ्यात टाकायची.

काचेचं पाहायचं ते असं. पेन्सिलीचं टोक काचेला टेकवलं की टोक आणि त्याचं प्रतिबिंब यांत फट दिसते. ती जितकी मोठी तितकी काच जाड. आरशासमोर पांढरा कागद धरायचा: चांदीचा मुलामा असलेल्या जुन्या आरशात कागद किंचित पिवळसर दिसतो, कथील-पाऱ्याच्या आरशात निळसर राखाडी. चांदीच्या मुलाम्याची रीत युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८३५ मध्ये शोधली. त्याआधीचे आरसे कथील आणि पाऱ्याचे असत. असा आरसा निघाला आणि मागे बारीक चकाकते थेंब दिसले तर तो उघड्या हाताने पुसू नये, मुलांपासून लांब ठेवावा. आमच्या कमानीच्या आरशात कागद पिवळसर दिसला तेव्हा मी निर्धास्त झाले. खालच्या बाजूला काळे डाग पडले होते, मुलामा उडाला होता. ओळखीच्या एकाने नवीन काच बसवून घ्या म्हणून सुचवलं. मी जुनीच ठेवली. ते डाग जागच्या जागी राहावेत म्हणून मागची फळी काढून धूळ झटकली, ओल लागणार नाही अशा जागी तो टांगायचा ठरवला आणि काचेवर पाणी न मारता ओलसर फडक्याने पुसला. ओल कडेने आत शिरते आणि डाग तिथूनच वाढतात.

आता मुख्य काम: आरसा नेमका कुठे लावायचा. सगळे सांगतात, दारासमोर लावा. दारासमोरचा आरसा दारातून आलेला सरळ उजेड पुन्हा दारातूनच बाहेर पाठवतो, खोलीचा कोपरा अंधाराच राहतो. आम्ही वेगळ्या रीतीने जागा काढली. सासूबाई दुपारी जिथे तांदूळ निवडायला बसणार होत्या, त्या ईशान्येच्या कोपऱ्यात मी जमिनीवर बसले. मुलीच्या हातात सासूबाईंच्या फणेरपेटीतला, म्हणजे कुंकू-फणीच्या पेटीतला, छोटा आरसा दिला आणि तिला भिंतीला लागून हळूहळू सरकायला सांगितलं. आरशात मला फक्त भिंत दिसत होती, मग तुळई, मग दाराची कड, आणि एका जागी अचानक चौकातलं आभाळ दिसलं. तिथे खडूने फुली केली. फुली पश्चिमेच्या भिंतीवर होती, दाराच्या बरीच जवळ, मी मनाशी धरलेल्या जागेपासून चार-पाच फूट लांब. तुमच्या घरात फुली आणखी कुठे येईल, पण रीत हीच: अंधाराच्या जागी बसायचं आणि आरशात आभाळ शोधायचं. आभाळ दिसलं म्हणजे तिथला उजेड तुमच्यापर्यंत पोहोचणार.

इंग्लंडातल्या जुन्या घरांतही आरसा शेगडीच्या वर किंवा दोन खिडक्यांच्या मधल्या भिंतीवर लावत, कारण मेणबत्तीचा आणि खिडकीचा उजेड तिथून खोलीत परत येई. आज आपण त्याला शोभा म्हणतो, मुळात ती सोय होती.

फेब्रुवारीत भिंती. माजघराला कधीतरी हिरवा ऑइलपेंट दिलेला होता. मातीच्या भिंतीला ओल बाहेर टाकायला वाट लागते, ऑइलपेंट आणि सिमेंट ती वाट बंद करतात, मग भिंत आतून भुसभुशीत होते. रंग खरवडण्यात सगळ्यात जास्त वेळ गेला आणि हात भरून आले. मग कळीचा चुना ड्रममध्ये विरवला. विरताना तो उकळतो आणि शिंतोडे उडतात, म्हणून डोळ्यांना चष्मा आणि हातात रबरी मोजे हवेतच, मुलं जवळ नकोत. चुना पाण्यात आधी हळूहळू सोडायचा, चुन्यावर एकदम पाणी ओतायचं नाही. काही दिवस मुरू दिला, फडक्यातून गाळला, थोडा बाभळीचा डिंक आणि चिमूटभर नीळ. भिंत आधी पाण्याने भिजवून घेतली आणि दुधासारखे पातळ हात दिले. ओला असताना चुना दिसतच नाही, वाटतं काम वाया गेलं. वाळत जाईल तसा उजळतो, पुढेही हवेतून कार्बन डायऑक्साइड घेत घट्ट होत राहतो. पांढरी भिंत उजेड चहूकडे पसरवते, आरसा तो एका दिशेला पाठवतो. खोलीला दोन्ही लागतात. हिरव्या भिंतीत नुसता आरसा लावून फारसं काही झालं नसतं.

मार्चमध्ये त्या फुलीच्या जागेसाठी नवा मोठा आरसा. पडलेल्या खिडकीची सागवानी चौकट घरातच होती, तीच वापरली. खिळे काढले, ८० नंबरच्या पॉलिश पेपरपासून सुरुवात करून १२० आणि २२० पर्यंत घासली. सुताराने मागून खाच पाडून दिली. खाचेत काच अगदी घट्ट बसवू नये, चारही बाजूंनी दोन-तीन मिलिमीटर मोकळे ठेवावेत, कारण लाकूड पावसाळ्यात फुगतं. आणखी एक बारीक गोष्ट: खाचेची आतली कड काचेत उमटते, कोरं लाकूड असेल तर चौकटीला आतून एक पांढुरकी रेघ दिसत राहते. त्या कडेला काळा रंग लावला की ती दिसेनाशी होते.

काच लातूरहून आणली. ५ मिलिमीटरची, तीन फूट बाय चार फूट. १६० रुपये चौरस फूट, म्हणजे १,९२०. कडा पॉलिश करायला ३५०. मागे सेफ्टी फिल्म ३६० रुपयांची. घरात लहान मूल असेल तर ही फिल्म चुकवू नका, काच फुटली तरी तुकडे मागे चिकटून राहतात. माप देताना लक्षात ठेवा की दुकानदार पुढच्या तीन किंवा सहा इंचांपर्यंत धरून पैसे घेतो. दोन फूट दहा इंच मागितलं तर पैसे तीन फुटांचेच जातात, म्हणून चौकटीचं माप आधी त्या हिशेबाने ठरवावं. टेम्पोत काच आडवी ठेवायची नाही. उभी, खाली आणि दोन्ही बाजूंना गोधड्या, वर दोरी. आणि चिकटवायचं काही असेल तर सिलिकॉन 'न्यूट्रल' लिहिलेलंच घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते सिलिकॉन आरशाच्या मागचा मुलामा खातं.

अंगभर दिसायला किती मोठा आरसा लागतो, हेही सांगून ठेवते. आपल्या उंचीच्या निम्मा पुरतो. साडेपाच फुटी माणसाला पावणेतीन फूट, फक्त वरची कड डोक्याच्या आणि डोळ्यांच्या मधोमध आली पाहिजे. विनाकारण सहा फुटी काच घेऊन वजन वाढवू नये.

वजन हा आमच्या घरात खरा प्रश्न होता. काच एका मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो भरते. माझी काच जवळपास १४ किलो आणि चौकट ८. सुतारकाकांनी भिंतीवर टिचकी मारली आणि म्हणाले, "ताई, ही मातीची भित हाय. हिच्यात स्क्रू धरत नसतोय. आज बसंल, पावसाळ्यात गळून पडंल." तेच खरं होतं. आम्ही सगळा भार तुळईवर घेतला. तुळईला दोन हुक, दोन लोखंडी साखळ्या, चौकटीला मागून पितळी कड्या. साखळ्या सरळ खाली उतरल्या की प्रत्येकीवर निम्मा भार येतो. लोक मधे एका खिळ्यावर तार अडकवतात, ती जितकी सपाट तितका ताण वाढतो: तार आडव्या रेषेशी ३० अंशांत असेल तर दोन्ही बाजूंवर पूर्ण वजनाइतका ताण, १० अंशांत जवळजवळ तिप्पट. तार तुटते ती अशी. चौकटीच्या खालच्या कडेला मी एक लाकडी पट्टीही दिली, तिचे पाय जमिनीवर टेकलेले आहेत.

सासूबाईंची एकच अट होती, झोपताना अंथरूण आरशात दिसू नये. मला ती अजिबात अडचणीची वाटली नाही. वर एक दांडी बसवून इरकली खणाचा पडदा केला, रात्री तो ओढून घेतो. व्हिक्टोरियन आरसा दाराच्या आतल्या बाजूच्या कोरड्या भिंतीवर लावला, मुळातल्याच जुन्या लाकडी खुंटीवर. भिंत बांधतानाच त्या खुंट्या खोलवर बसवलेल्या असतात. तरी आधी तिला पाण्याची भरलेली घागर रात्रभर टांगून पाहिली, मग आरसा. त्या काळवंडलेल्या काचेत दुपारी सोप्याचे खांब दिसतात. तिसरा आरसा फणेरपेटीतला. पेटी सासूबाईंना त्यांच्या आईने दिलेली, आत कुंकवाचा करंडा आणि मेणाची डबी अजून आहे. पेटी उघडून, झाकणाचा आरसा कलता ठेवून, आम्ही ती देवळीत ठेवली आणि समोर समई. संध्याकाळी समई लावली की देवळीभोवतीच्या चुन्यावर उजेडाचा एक पट्टा येतो. सासूबाई पहिल्या दिवशी बराच वेळ तिथे उभ्या होत्या. "माय माझी इथंच बसून वेणी घालायली असं वाटलं," म्हणाल्या.

उद्घाटन झालं, काकाही नांदेडहून आले, पण काम संपलं नव्हतं. ऋतू बदलला की उजेड बदलतो. अंबाजोगाईत डिसेंबरात भर दुपारी सूर्य दक्षिणेला कलून साधारण ४८ अंशांवर असतो आणि ऊन थेट सोप्यात शिरतं. मेच्या मध्यावर तो बरोबर डोक्यावर येतो. तेव्हा सोप्यात ऊन नसतं, पण सवण्यातून कवडसा पडतो. मे महिन्यात सकाळी नऊ-दहाच्या सुमारास हा कवडसा पश्चिमेच्या आरशावर येऊन समोर बसलेल्याच्या डोळ्यांत जायला लागला. आरसा ५ अंश कलवला की परतणारा किरण १० अंश वळतो. मागे वरच्या बाजूला लाकडी पाचर सरकवून आरसा थोडा पुढे झुकवला, कवडसा जमिनीवर उतरला. म्हणून सांगते, टांगलेला आरसा एकदम पक्का करू नका, एक हिवाळा आणि एक उन्हाळा त्याला हलवता येईल असं ठेवा. उन्हाचा झोत जुन्या पैठणीवर किंवा फोटोवर पडत नाही ना, तेही बघा, रंग उडतो.

खर्चाचा हिशेब असा: काच, पॉलिश आणि फिल्म २,६३०, टेम्पो ६००, सुताराची मजुरी २,७००, साखळ्या, हुक, कड्या ७४०, चुना, डिंक, नीळ, ब्रश १,१५०, पॉलिश पेपर आणि तेल ४८०, कागदपत्रं ८०० आणि वर किरकोळ. सगळं मिळून साडेनऊ हजारांच्या आसपास. खरवडणं, चुना देणं, घासणं हे आम्ही घरच्यांनी केलं, ते यात धरलेलं नाही.

तीन पाखांचा आर्ट डेको आरसा अजून सोप्यात झाकून ठेवला आहे. त्याच्या मेजावरचा पातळ लाकडी पापुद्रा दोन जागी सुटला आहे आणि वरचं पॉलिश चपडा लाखेचं दिसतं. ते स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेनेच पुन्हा करायचं, पण दमट हवेत लाख लावली की ती पांढुरकी पडते. त्यामुळे पावसाळा ओसरून हवा कोरडी होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. दसऱ्यानंतर सुतारकाका यायचं म्हणालेत. तोवर पापुद्र्याचे सुटे तुकडे जपून ठेवले आहेत, एका पाकिटात, कोणता तुकडा कुठला ते पेन्सिलीने मागे लिहून.